पेठांमधली चार तासांची रेस: नाव नोंदवण्याआधी एवढं वाचा

पुण्याच्या पेठांत कोडी सोडवत ठिकाणं शोधायची आणि गुण मिळवायचे, अशी चार तासांची रेस आम्ही चौघी मैत्रिणींनी केली. आधी पैशांचं सांगते. मी पतपेढीत हिशेब बघते, त्यामुळे ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच येतो. चौघींच्या टीमचे ३,२०० रुपये, म्हणजे माणशी आठशे. डिसेंबरअखेरपर्यंत नाव दिलं असतं तर २,८०० लागले असते, पण आमचं ठरेपर्यंत जानेवारी उजाडला. त्या पैशांत मोठ्या कागदावर छापलेला नकाशा, वीस ठिकाणांच्या कोड्यांची छोटी वही, टी-शर्ट, पोहे-चहा आणि प्रमाणपत्र मिळालं. माझ्या मते पैसे फिटले ते नकाशा आणि वहीमुळे. टी-शर्ट सगळे पुरुषांच्या मापाचे होते. महिलांचा वेगळा गट ठेवता, तर त्यांच्या मापाचे कपडेही ठेवावेत.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. शहरातल्या अशा रेस आता वेगवेगळे गट भरवतात, आणि तुमच्यासमोर येईल ती दुसऱ्याच कोणाची असेल. काय बघून पैसे भरावेत, ते मात्र सगळीकडे सारखंच.

आम्ही चौघी तळजाईच्या टेकडीवर रोज सकाळी भेटणाऱ्या. ताई ६१ वर्षांच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. वहिनी माझ्याच वयाच्या, शिवणकाम करतात. छोटी २६ वर्षांची, कॉम्प्युटरवाली. रेसची बातमी तिनंच आणली. मी मूळची साताऱ्याची. पुण्यात बावीस वर्षं झाली, पण पेठा म्हणजे माझ्यासाठी लक्ष्मी रोडची साडीखरेदी आणि गणपतीतली गर्दी एवढंच होतं. त्यामुळे ‘अर्बन अ‍ॅडव्हेंचर रेस’ असं ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, गावातल्या गावात कसलं आलंय साहस?

छोटीनं टेकडीवरच्या बाकावर बसून समजावलं. या रेस मूळच्या रानावनातल्या. १९८९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोलवाझ’ नावाची झाली, तिच्यात टीम दिवसच्या दिवस डोंगर-नद्या पार करत होत्या, आणि टीम फुटू द्यायची नाही हा नियम तेव्हापासूनचा. ठिकाणांना गुण, वेळेला मर्यादा आणि कुठं आधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, ही पद्धत रोगेनिंग नावाच्या खेळातली. तो ऑस्ट्रेलियात १९७६ च्या सुमाराला आकाराला आला. शहरातल्या रेसमध्ये डोंगराच्या जागी गल्ल्या येतात आणि नदीच्या जागी बस आणि मेट्रो. पळायलाच पाहिजे असं नाही. ताईंनी एवढंच विचारलं, ‘‘चालायचं आहे ना? मग भर पैसे.’’

फॉर्ममध्ये प्रत्येकीचा रक्तगट, चालू औषधं आणि घरच्यांचा फोन विचारला होता. ताईंना हे आवडलं. ज्या फॉर्ममध्ये हे विचारत नाहीत त्यांच्याकडे जायचंच नाही, असं त्या म्हणाल्या, आणि मी ते जसंच्या तसं इथं देते. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओवर नियम सांगितले: सकाळी ७ ते ११ अशी चार तासांची वेळ. पायी, पीएमपीची बस किंवा मेट्रो चालेल. रिक्षा आणि स्वतःची गाडी चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी चौघींचा एकत्र फोटो अ‍ॅपवर चढवायचा. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला ५ गुण वजा. रस्ता ओलांडताना पळताना कोणी दिसलं तर टीम बाद. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. बाजीराव रोड आणि शिवाजी रोड एकेरी आहेत खरे, पण उलट्या बाजूनं दुचाकी कधी अंगावर येईल ते सांगता येत नाही.

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात सहा चाळीसला नकाशे वाटले. वीस मिनिटं आखणीला. थंडी होती, वहिनींनी शाल काढली नव्हती. दिल्ली दरवाज्यासमोर, फरशीवर नकाशा पसरून, मोबाईलच्या उजेडात आम्ही चौघी वाकलो होतो. पुढं जे काही बरं-वाईट झालं ते त्या वीस मिनिटांतच ठरलं होतं, हे मला नंतर कळलं.

वादाचा मुद्दा पाताळेश्वर. जंगली महाराज रोडवरची ती लेणी, आठव्या शतकाच्या सुमाराची, एकाच कातळात कोरलेली, पुढं नंदीचा गोल मंडप. त्याला ४० गुण होते. छोटीला नदी ओलांडून ते आधी उरकायचं होतं. मी म्हटलं, तिकडं गेलो तर पूर्वेची सोमवार पेठ आणि दक्षिणेची पर्वती यातलं एक सुटणार. वहिनींनी कपड्यावर माप घेतात तसं वितीनं नकाशावर अंतर मोजलं आणि सांगितलं, पाताळेश्वर सोडा. नदीकाठचं ओंकारेश्वरही सुटलं. छोटी थोडी हिरमुसली, पण ठरलं ते ठरलं. आणि ते बरोबरच होतं. दोन टीम आमच्यासमोर सगळं गोळा करायला निघाल्या आणि अर्धा तास उशिरा परत आल्या.

वहीतली कोडी ज्या कोणी रचली त्यांना माझा नमस्कार. ठिकाणाचं नाव कुठंच नाही, फक्त दोन ओळी. पुण्यातल्या देवांची नावं म्हणजे कोड्यांचं भांडारच आहे. ‘थंडीत पांघरायचं ते देवाच्या नावात’ हे वाचल्यावर वहिनी लगेच म्हणाल्या, ‘‘पासोड्या विठोबा.’’ ‘नाव गोड, शेजार भाजीचा’ म्हणजे मंडईजवळचा जिलब्या मारुती. ‘एकादशी संपतच नाही’ म्हणजे सदाशिव पेठेतला उपाशी विठोबा. हे कोडं मात्र आम्हाला सुटत नव्हतं. शेवटी एका वाड्याच्या दारात पेपर वाचत बसलेल्या आजोबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं, कोडं स्वतः वाचून घेतलं, आणि उत्तराबरोबर कुठल्या बोळातून गेलं तर चार मिनिटं वाचतील तेही सांगितलं. माणसांना विचारायला परवानगी आहे का, हे नाव देण्याआधी नक्की विचारा. जिथं परवानगी नसेल, तिथं मी जाणार नाही. आमच्या रेसचा निम्मा आनंद तर या विचारण्यातच होता.

लाल महाल आणि कसबा गणपती जवळजवळच, दहा-दहा गुणांचे, पंधरा मिनिटांत झाले. मग तडक सोमवार पेठ.

त्रिशुंड गणपतीचं देऊळ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बावीस वर्षांत कमला नेहरू हॉस्पिटलला कितीदा तरी गेले असेन, त्याच भागात हे देऊळ आहे आणि मला पत्ता नव्हता. बांधकाम १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पुरं झालेलं. काळा दगड, आणि दर्शनी भाग कोरीवकामानं असा भरलेला की हाताएवढी जागा मोकळी नाही. आत गणपती मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. कोडं होतं, ‘साखळीत कोण?’ छोटी म्हणाली हत्ती. मीही हत्तीच म्हणाले असते. ताई पुढं झाल्या, मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हा गेंडा आहे. आणि बांधणारे गोरे सोजीर आहेत, टोप्या बघ.’’ खरंच, गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडांनी जखडतायत असं शिल्प आहे ते. पेशवाईतल्या देवळावर! चाळीस गुण तर मिळालेच, पण मी तिथून निघताना दोनदा मागं वळून पाहिलं.

तिथून गणेश पेठेतला डुल्या मारुती, आणि मग मंडई.

मंडईची अष्टकोनी इमारत १८८६ ची, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावानं ती रे मार्केट म्हणून ओळखली जायची. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी, आणि पुढं नाव लागलं ते त्यांचंच. तिथलं काम मला सगळ्यांत आवडलं: टीममधल्या निदान एकीला ओळखता येत नाही अशी पालेभाजी शोधा, तिचं नाव विकणाऱ्यांकडून नीट समजून घ्या आणि एक जुडी शेवटपर्यंत बरोबर आणा. ३० गुण. आम्ही छोटीला पुढं केलं. मेथी, शेपू, अंबाडी तिनं ओळखली. एका जुडीपाशी अडली. गाळ्यावरच्या मावशी म्हणाल्या, ‘‘हा चाकवत. तो शेजारचा चंदनबटवा. पानं बघ, गल्लत करू नको.’’ आणि दोन्हींची पानं तिच्या तळहातावर ठेवून फरक दाखवला. गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी मावशींनी घाई केली नाही. चाकवताची जुडी छोटीच्या पाठपिशवीत गेली, पाला बाहेर डोकावत राहिला.

आता तक्रारी. पहिली तक्रार मनापासून आहे आणि ती आयोजकांना मी लेखीही कळवली आहे. नकाशावर पाणी भरायच्या दोन जागा दाखवल्या होत्या, प्रथमोपचाराची एक जागा दाखवली होती, पण स्वच्छतागृह एकही नाही. चार तास, थंडीची सकाळ, रविवार, निम्मी दुकानं बंद. महिलांच्या गटात आम्ही अकरा टीम होतो, म्हणजे चव्वेचाळीस जणी. घसा कोरडा पडला तरी पाणी पिऊ की नको असा विचार करत चालणाऱ्या बायका मी त्या दिवशी पाहिल्या, आणि ताई नर्स म्हणून त्यावर संतापल्या. त्यांनी प्रत्येकीला बाटली संपवायला लावली आणि सरळ मंडईच्या मेट्रो स्टेशनात नेलं. मेट्रो स्टेशनात स्वच्छतागृह असतं, हे पेठांत फिरणाऱ्या प्रत्येक बाईनं लक्षात ठेवावं. त्यात बारा मिनिटं गेली आणि ती सत्कारणी लागली. पण हे आम्ही शोधायचं नाही. नकाशा छापणाऱ्यानं छापायचं.

दुसरी तक्रार अ‍ॅपची. पेठांतल्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडं उंच इमारती, फोनला आपण नक्की कुठं आहोत ते नीट कळत नाही. पासोड्या विठोबाच्या दारात उभ्या असताना अ‍ॅप म्हणत होतं, तुम्ही अजून १४० मीटर लांब आहात. उपाशी विठोबालाही तेच. छोटीनं दोन्ही वेळा पडद्याचा फोटो काढून ठेवला आणि फोनच्या साध्या कॅमेऱ्यानंही चौघींचा फोटो घेतला. तिच्या या हुशारीमुळे आमचे ५० गुण वाचले. शेवटी पडद्यावर आमचे २०० दिसत होते. टेबलावर चाळीस मिनिटं थांबून, फोटो दाखवून ते २५० करून घेतले. टेबलावरची मुलं नम्र होती, आवाज कोणी चढवला नाही, पण एवढ्या जणांचे फोटो तपासायला दोनच माणसं होती. ओरिएंटियरिंगमध्ये, म्हणजे नकाशा बघून ठिकाणं शोधायच्या खेळात, कार्डाला भोक पाडायचा चिमटा ठिकाणावरच टांगलेला असतो. तसं कार्ड जोडीला दिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

मधल्या पॉइंटांबद्दल फार लिहीत नाही. तुळशीबाग सकाळच्या वेळी इतकी शांत असते हे बघण्यासारखं आहे. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे लाकडी खांब बघायला थांबावंसं वाटतं, थांबता येत नाही. खुन्या मुरलीधराच्या दारात दोन टीम एकमेकींचे फोटो काढून देत होत्या, असं वातावरण सगळीकडं होतं.

एका जागी मात्र आम्ही थांबलो. बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा आहे, जिथं १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली. पॉइंट १० गुणांचा, फोटो काढायचा आणि निघायचं एवढंच काम. फोटो झाला, आम्ही वळलो, तर ताई जागच्या हलेनात. चप्पल-बूट काढून, हात जोडून उभ्या. त्यांच्या घरात दहावीच्या पुढं शिकलेली त्या पहिली मुलगी. त्या रोज आमच्याशी बोलतात, पण हे त्यांनी आम्हाला तिथं, त्या रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात सांगितलं. आम्हीही बूट काढले. कोणीच घड्याळाकडं बघितलं नाही.

पर्वती आम्ही शेवटाला ठेवली होती. ५० गुण, १०३ पायऱ्या, वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वर. दहा वाजून तीन मिनिटांनी पायथ्याशी पोचलो तेव्हा ताईंचा डावा गुडघा बोलायला लागला होता. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही तिघी जाऊन या, मी इथं बसते.’’ नियमानं ते चालणार नव्हतं, फोटोत चौघी पाहिजेत. वहिनी म्हणाल्या, ‘‘मग नको. इथून मेट्रोनं परत जाऊ, २३० पुरे आहेत.’’ मी मनातल्या मनात हिशेब मांडला: पर्वती केली तर सहा-सात मिनिटं उशीर, म्हणजे तीस-पस्तीस गुण जाणार, तरी पंधरा-वीस हातात उरतात. पण तो हिशेब मी बोलून दाखवला नाही. गुडघा ताईंचा होता, त्यांनीच ठरवायचं. ताईंनी पिशवीतून पट्टा काढला, गुडघ्याला बांधला, आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या चालीनं चढायचं. कोणी पुढं जायचं नाही, कोणी मला हात द्यायचा नाही.’’

चौदा मिनिटं लागली. चौघी एका ओळीत, दर वीस पायऱ्यांना एक थांबा. टीम फुटू द्यायची नाही या नियमाचा अर्थ मला त्या पायऱ्यांवर कळला. तोवर तो फक्त फॉर्मवरचा मजकूर होता. वरून सगळ्या पेठा एका नजरेत दिसतात, आणि सकाळपासून कागदावर बघत होतो त्या रेषा खाली खऱ्या होऊन पसरलेल्या होत्या. ताईंनी पाणी प्यायलं आणि सोमवार पेठ कुठं असेल ते बोटानं दाखवलं.

उतरून स्वारगेटपर्यंत झपझप चालत सतरा मिनिटं. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, त्यामुळे हा बेत शक्य झाला; स्वारगेट, मंडई आणि मग कसबा पेठ. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रवास चार मिनिटांचा असला तरी स्टेशन जमिनीच्या बरंच खाली आहे. सरकते जिने, बॅगांची तपासणी, तिकीट, असं सगळं धरून फलाटावर जायला सहा मिनिटं लागली, आणि कसब्याला वर यायला तीन. आम्ही ही मिनिटं सकाळी आखणीत धरलीच नव्हती. तपासणीच्या यंत्रातून चाकवताची जुडीही गेली. अकरा वाजून सहा मिनिटांनी शनिवारवाड्यात. सहा मिनिटं उशीर, ३० गुण वजा. एकूण २८० मधून २५०. महिलांच्या अकरा टीममध्ये पाचव्या आलो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आम्ही बरोबर काय नेलं ते सांगते: प्रत्येकीची पाण्याची बाटली, मीठ-साखरेच्या पुड्या, गुळाची शेंगदाणा चिक्की, एक पॉवर बँक, बससाठी सुटे पैसे, नकाशाला घालायला प्लास्टिकची पिशवी आणि दोन पेनं. नवे बूट घालून जाऊ नका. वहिनींचे नवे होते, टाच सोलवटली. जी हळू चालते तिच्या हातात नकाशा द्या. तिच्या चालीनंच टीम जाणार आहे, तर दिशाही तिनंच धरावी. आणि फोन एकीनंच हाताळावा.

पुढच्या वर्षी याच आयोजकांकडे जाणार का? हो, स्वच्छतागृहांचा नकाशा आणि चिमट्याचं कार्ड देणार का ते आधी विचारून. कोड्यांची वही इतकी जीव लावून केली होती की बाकीचं ते सुधारतील असा मला विश्वास वाटतो. पाताळेश्वर आणि ओंकारेश्वर राहिलेत. छोटी रोज आठवण करून देते.

टेबलावर गुण तपासून झाल्यावर जुडी परत मिळाली. पानं पार माना टाकून बसली होती. ताई म्हणाल्या, पाण्यात घाल, संध्याकाळपर्यंत उठेल. उठली. रात्री ताईंच्या घरी त्यांनी ताक आणि डाळीचं पीठ लावून चाकवताची पातळ भाजी केली, वर लसणीची फोडणी, आणि आम्ही तिघी भाकरी घेऊन गेलो. छोटीनं दोनदा वाढून घेतली. मग तिनं ताईंकडून भाजी निवडायची कशी ते विचारून नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.